रविवारी न येण्याची परवानगी नाही

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लाइट गेली की मशीन बंद. मग चार मित्र स्टुलांवर बसतात, चहा येतो आणि मला सांगतात, "सुनाव काही घरचं!" लाइट एवढ्या वेळा जाते, तरी माझे किस्से काही संपत नाहीत. एक जण तर म्हणतो, "तुह्याच घरी एवढं काहून घडते बे?"

घडतं सगळ्यांच्याच घरी. आमच्याकडे फरक एवढाच की ताई महिन्यातून एकदा आम्हा सगळ्यांना एका खोलीत बसवते. मग किस्सा होणारच!

थोरला दादा उकव्याच्या खाणीतून रिटायर झाला, वहिनीसोबत तिथंच राहतो. दुसरी ताई, रामपायलीला दिलेली. भाटवे, म्हणजे तिचा नवरा, गेल्यापासून धानाची शेती एकटी पाहते. तिसरा मधू, परसवाड्याला टेलर. शेवटचा मी, बाळ्या. पन्नाशी उलटली तरी बाळ्याच!

* * *

सुरुवात झाली माय गेली तेव्हा. तेराव्याला दादा अंगणाच्या एका टोकाला, मधू दुसऱ्या टोकाला. सहा वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. कारण काय? मधूच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत दादाचं नाव नव्हतं! मधू सांगायचा, छापणाऱ्यानं गाळलं. दादा म्हणायचा, "ज्या पोरीले मी खांद्यावर खेळवलं, तिच्या पत्रिकेत मीच नाही?" दादा लग्नाला गेला नाही. मायच्या आजारपणातसुद्धा दोघं एकमेकांची वेळ चुकवून यायचे. एक गेला की दुसरा!

पाहुणे पांगले. ताई अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"माय गेली म्हणून घर नाही गेलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाळ्याकडे जेवण. न येण्याची परवानगी नाही."

मधू म्हणाला, "अन नाही जमलं तर?"

"तर मी येईन तुह्या दुकानात."

पहिल्याच रविवारी मधू आला नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी ताई डबा घेऊन परसवाड्याला हजर! दुकानात गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. जो येईल त्याला सांगायची, "हा माहा भाऊ. शिलाई चांगली करते. फक्त भावाच्या घरी जेवायले जात नाही."

दुपारपर्यंत अकरा गिऱ्हाइकांना सांगून झालं. बाराव्याच्या वेळी मधूनं हात जोडले. "येतो, ताई. येतो!"

त्यानंतर त्याचा एकही रविवार चुकला नाही.

* * *

आला म्हणजे बोलला असं नाही. दोघं शेजारी बसायचे आणि माझ्यामार्फत बोलायचे. "बाळ्या, त्याले सांग भाजी इकडं सरकव." मधूनं ऐकलेलं असायचं, पण मी पुन्हा सांगितल्याशिवाय भांडं हलायचं नाही. मी जेवू कधी? पोस्टमन झालो होतो नुसता!

तिसऱ्या रविवारी ताईनं दोघांच्या पुढची ताटं उचलली आणि मधे एकच मोठी परात ठेवली. "लहानपणी एकात जेवत होते ना? जेवा."

दोघंही पाच मिनिटं हात बांधून बसले. मग भूक जिंकली. दादानं भाकरी मोडली. मोठा तुकडा उचलला आणि बोलता बोलता, म्हणजे न बोलता, मधूच्या बाजूला ठेवला. लहानपणी तसंच करायचा तो. सवय हाताची, ती काही पत्रिका वाचत नाही!

मधूनं तुकड्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदा सरळ दादाशी बोलला.

"मीठ कमी आहे."

सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे!

* * *

माफीला मात्र आणखी दोन महिने लागले.

दादाला लहानपणापासून डाव्या कानानं कमी ऐकू येतं. त्या रविवारी मधू नेमका डावीकडं बसला होता. जेवणं झाली, सुपारी फिरली, आणि तो खाली मान घालून पुटपुटला, "चुकलो, दादा."

"काय?"

"चुकलो म्हणलं."

"अं?"

मधूनं घसा खाकरला. "पत्रिका छापणाऱ्यानं नाव नव्हतं गाळलं. मीच द्यायचं विसरलो. वाटायच्या आधी दिसलंही होतं मले. दुसऱ्यांदा छापायचा कंटाळा केला. मंग लाज वाटली, म्हणून त्याच्यावर ढकललं."

"जोरात बोल!"

"माहीच चूक होती, दादा! माफ कर!"

एवढ्या जोरात की समोरच्या घरातली काकू कपडे वाळत घालायचं सोडून फाटकाशी आली. मधू रडत होता. ताईनं डोळ्याला पदर लावला. दादा शांतपणे सुपारी चघळत होता.

मी म्हटलं, "दादा, आता तरी ऐकू आलं का?"

"हौ. पहिल्याच वेळी आलतं."

"मंग काहून पुन्हा पुन्हा विचारलं?"

"सहा वर्षं वाट पाह्यली बाळ्या. चारदा ऐकलं तर काय बिघडलं?"

मग उठला आणि मधूच्या दुसऱ्या बाजूला, आपला चांगला कान त्याच्याकडं करून बसला.

* * *

भांडण मिटलं तसं ताईनं नवीन नियम काढला. रविवारी प्रत्येकानं घरातल्या एकाचे आभार मानायचे. मनातल्या मनात नाही, तोंडानं!

माझी पाळी आली. मी बारावीला उकव्याला दादाकडं होतो तेव्हा मला कावीळ झाली होती. वहिनीनं दीड महिना मला पथ्याचं वेगळं शिजवून घातलं, स्वतःची तान्ही पोर कडेवर घेऊन. मी ते सगळं सांगितलं.

वहिनी म्हणाली, "हे सांगायले तुले तीस वर्षं लागले? मले वाटलं पथ्याचं जेवण आवडलं नव्हतं!"

ताईनं लगेच फर्मान काढलं. पुढच्या रविवारी स्वयंपाक आम्ही तीन भाऊ करणार आणि वहिनी खुर्चीवर बसणार.

आम्ही केला. वरण मी, भात दादा, वांग्याची भाजी मधू. पण वहिनीला बसवणं हेच खरं काम! दर दोन मिनिटांनी उठायची. "जरा पाहू द्या, भात लागून राह्यला वाटते!" शेवटी ताईनं वहिनीच्या पदराची गाठ खुर्चीच्या हाताला मारली. "आता उठून दाखवा, वहिनी."

भात खरंच लागला होता. वांगी अर्धी कच्ची. माझ्या वरणात हळद अशी की ताट पिवळं झालं. वहिनी दोनदा वाढून घेऊन जेवली. हात धुतला आणि म्हणाली, "असं जेवण मी जन्मात नाही जेवले!"

दादा अजून विचारतो, ती तारीफ होती का काय!

* * *

एकदा मायच्या आठवणी निघाल्या. मधू म्हणाला, "खरं सांगू? मायचा लाडका मी होतो. दुधाच्या भांड्याची खरवड ती लपवून मलेच द्यायची. 'कोणाले सांगू नको' म्हणायची."

दादा ताडकन उठला. "खरवड? ती तर मले भेटत होती!"

ताईला मिळत होती. मलाही मिळत होती. प्रत्येकाला एकट्याला, न्हाणीच्या मागं, आणि प्रत्येकानं एवढी वर्षं गुपित पाळलं होतं! चार जण भांडू लागले की मायनं खोटं कोणाला सांगितलं.

वहिनी निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "भांडू नका. मी लग्न होऊन आले त्या वर्षी भांडं तुमच्यापैकी कोणाले भेटलं नसंन."

* * *

आता शेवटचा.

ताई सगळ्यांना विचारायची, मनात काय राहिलं आहे बोला. तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं. एका रविवारी दादानं विचारलं, "शांता, तुहं काय राह्यलं?"

ताईनं हातातली सुपारी खाली ठेवली. मग म्हणाली, "आठवीनंतर माही शाळा सुटली. माय धानाच्या रोवणीले जायची, बाळ्या पाळण्यात होता. घरी कोणीतरी पाह्यजे होतं."

मला कुठं पाहावं कळेना. मी म्हटलं, "ताई, माफ कर."

"पाळण्यातल्या पोरावर राग धरते का कोणी? बाबावर होता. तोही सोडला. पण दहावी मले पाह्यजे."

वय पासष्ट! आम्हाला वाटलं, बोलून मन मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करतो तर ताई पायरीवर बसलेली. "ओपन स्कूलचा फॉर्म काढ."

मग आम्ही तिघंही कामाला लागलो. दादा रोज सकाळी फोनवर गणित घ्यायचा. मी जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे काढून द्यायचो. मधूनं पिशवी शिवली, पेनांना वेगळा कप्पा करून. ताई बांधावर बसून पाढे म्हणायची, आणि रोवणीवाल्या बाया मागून म्हणायच्या. गणितात एकदा नापास झाली, रडली नाही, पुन्हा फॉर्म भरला. दुसऱ्या वेळी पास झाली. पण ते सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे ते पहिल्या पेपरच्या दिवसाचं, गेटवरचं.

सेंटर बालाघाटातच होतं. सकाळी आम्ही चौघंही पोहोचलो. ताई नवी साडी नेसून, पिशवी छातीशी धरून पुढं. गार्डनं हात आडवा केला.

"अम्मा, पालक लोग बाहर रुकेंगे। अंदर सिर्फ बच्चे।"

ताईनं प्रवेशपत्र काढून त्याच्यापुढं धरलं. त्यानं फोटो पाहिला, ताईला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"अच्छा! तो आपके साथ कौन आया है?"

मी पुढं झालो. मधू पुढं झाला. दादाही पुढं झाला, पांढऱ्या मिशा आणि हातात काठी.

गार्ड हसायला लागला. "ये तीनों?"

दादानं ताईच्या डोक्यावर हात ठेवला.

"हौ, हम तीनों। बच्ची का पहिला पेपर है भैया, जरा पंखे के नीचे बिठाना!"