नोरीनने भरलेली सतरावी मोटर

अ‍ॅडलेडच्या एका मोटर-प्रयोगशाळेत नोरीन ट्रेगेंझाचा हात एकतीस वर्षं तांब्याच्या तारेवर फिरला. शाळा अर्ध्यावर सुटलेली. पण नव्या मोटरचा आराखडा कुणीही काढो, लोखंडाच्या खाचांत तार भरायची ती नोरीननेच. तारेखाली खाचेत घालायचा कागद जरा दुमडला तरी तिला जेवण गोड लागायचं नाही. पोटची पोरं असती तर एवढी जपली असती का, देव जाणे.

त्या वर्षी क्विन नावाच्या प्रोफेसरांनी मोटर गार ठेवायची नवी तऱ्हा काढली. खाचांतून बाहेर आलेल्या तारांच्या वेटोळ्यांवर तेलाचा फवारा मारायचा. एक ट्रक कंपनी पाठीशी होती. सतरावी मोटर भरताना नोरीनने उष्णता मोजायची बारीक तार खाचेच्या पार मधोमध सरकवली.

"ती बाहेरच्या वेटोळ्यावर लाव," क्विन म्हणाले.

"तिथं तेल पडतं, प्रोफेसर. गारच लागणार. खिम्याची पाई वरून हात लावून बघता आणि टाळू कशानं भाजते? आतल्या खिम्यानंच ना?"

"मोजमाप शिकवायला तुला ठेवलेलं नाही, नोरीन."

"शिकवतेय कुठं? तारांवर ओतलेलं वार्निश सुकलं की आत सुईसुद्धा शिरायची नाही, म्हणून आत्ताच सांगते. एक तिथं लावा, एक इथं राहू दे."

"दोन आकडे दिसले की कंपनीवाले दोनशे प्रश्न विचारतात."

त्यांनी स्वतःच चिमट्याने ती बारीक तार ओढून काढली आणि बाहेरच्या वेटोळ्यावर लावली. तेव्हाच उठायला हवं होतं, असं नोरीन पुढे म्हणायची. पण अर्धी मोटर टाकून उठणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने ती पुरी केली, नेहमीसारखी नेटकी.

आकडे छान आले. टाळ्याही झाल्या. मोटर कंपनीकडे गेली आणि चढाच्या चाचणीत दुसऱ्याच दिवशी जळाली. चौकशीच्या कागदावर कारण एकच: तारा भरताना हातचूक.

जळकी मोटर परत आली, तशी नोरीनने ती सगळ्यांसमोर करवतीने उभी कापली. बाहेरची वेटोळी मधासारखी पिवळी. खाचेच्या मधोमध कोळसा.

"आता बोला. कुणाचा हात चुकला?"

क्विन वाकून बघत राहिले. "फारच रंजक आहे," म्हणाले आणि फोटो काढून घेऊन गेले.

वर्षभराने त्यांचा निबंध छापून आला, खाचेच्या मध्यावर उष्णता कशी कोंडते यावर. बक्षीसही मिळालं. चौकशीचा कागद मात्र कुणी बदलला नाही. नोरीनने दोनदा अर्ज केला.

"अगं, सोड ना," ऑफिसातली ग्वेन म्हणाली. "त्यात तुझं नाव तरी कुठं आहे?"

"नाव कशाला हवं, बाई? या इमारतीत तारा भरणारी दुसरी आहे कोण?"

मग अठराव्या मोटरचं लोखंड घेऊन क्विन स्वतः आले. "या वेळी मोजायची तार मधोमधच घालू या."

"आधी तो कागद बदला."

"ते माझ्या हातात नाही, नोरीन."

तिने एप्रन काढून खुंटीला लावला आणि निवृत्तीला अकरा महिने असताना घरी गेली. अठरावी मोटर त्यांनी बाहेरच्या कारागिरांकडून भरून आणली. कागद आहे तसाच आहे.