चांगदेव आप्पांची एकच सही

राहू गावच्या ऊसपट्ट्यात चौदा घरांची ख्रिस्ती मंडळी आहे. ती चांगदेव आप्पांनी एकोणीस वर्षं सांभाळली. आठवडाभर कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्ट आणि रविवारी पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात उपासना. आप्पा गातात, शास्त्र वाचतात, आजाऱ्याच्या उशाशी बसतात. पण ते दीक्षा झालेले पाळक नाहीत. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस दीक्षा झालेल्या पाळकानंच द्यायचा असतो; त्यासाठी दौंडहून पाळकसाहेब दोन महिन्यांनी येतात, तोवर मंडळी वाट पाहते.

आप्पांची थोरली मुलगी हर्षदा म्हणाली, "मी पाळक होणार." मंडळीनं होकाराची मान हलवली. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, जायला मंडळीचं शिफारसपत्र लागतं. इथली रीत अशी की उमेदवाराला एकच पत्र मिळतं. ते भर उपासनेत वाचायचं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, मग आप्पांनी सही करायची.

गेल्या मे महिन्यात दोन सेमिनऱ्यांचे शिक्षक एकाच रविवारी येऊन थडकले. मोठ्या सेमिनरीचे आनंदराव सर मोटारीनं आले, धाकट्या सेमिनरीचे विश्वजीत सर एसटीनं. हल्ली शिकायला फारसं कुणी येत नाही, म्हणून एका हर्षदासाठी दोघांची धाव.

"आमची पदवी विद्यापीठाची आहे," आनंदराव म्हणाले. "ह्यांचं नुसतं प्रमाणपत्र."

"आमची पोरं खेड्यात टिकतात. ह्यांची परदेशच्या विमानाची तिकिटं बघतात," विश्वजीत म्हणाले.

"सर, चहा निवतोय," हर्षदा म्हणाली.

आप्पा उठले. "सोजरबाईकडं प्रार्थनेला जायचंय. चला दोघंबी."

म्हातारी सोजरबाई तीन महिने खाटेवर होती. आनंदरावांनी लांबलचक प्रार्थना केली. विश्वजीतांनी त्याहून लांब केली. आमेन झालं तशी म्हातारी म्हणाली, "देवानं ऐकलं आसंल, बाबांनो. आता मला मोरीपत्तुर न्या. मघाधरनं कळ काढतीय."

हर्षदानं एक खांदा धरला, दुसरा विश्वजीत सरांनी. आनंदरावांनी पुढं होऊन वाटेतली घमेली, चपला बाजूला केल्या.

परतताना विश्वजीत बांधावर थांबले. "आप्पा, खरं सांगतो. आमच्या सेमिनरीला जोडलेल्या मंडळ्या बाईला पाळकाची दीक्षा देत नाहीत. हर्षदा आमच्याकडं शिकली, तर शिकवू शकेल. प्रभुभोजन देऊ शकणार नाही. ह्यांच्याकडं शिकली तर देईल."

"मग मघाशी का न्हाई सांगितलं?"

"यंदा आमच्या वर्गात तिघंच आहेत."

आनंदराव खाली बघत म्हणाले, "आणि नव्या कराराची मूळ ग्रीक भाषा शिकवायला ह्यांच्यासारखा माणूस आमच्याकडं नाही, हेही खरंय."

"एका धन्याची चाकरी तुमची," आप्पा म्हणाले, "आन् बाजारात गिऱ्हाईक वढल्यागत वढता व्हय?"

पत्र मोठ्या सेमिनरीच्या नावानं लिहिलं. पुढच्या रविवारी ते मंदिरात वाचलं गेलं, हर्षदाच्या डोक्यावर मंडळीचे हात टेकले. त्या प्रार्थनेत आप्पांनी तिच्यासोबत आणखी तीन नावं घेतली. ती धाकट्या सेमिनरीतल्या तिघांची होती. आदल्या दिवशी त्यांनी विश्वजीत सरांना फोन करून विचारून घेतली होती. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.