कड्यांवरची लाल रेघ

ताइस्तोचा कुणावरच भरवसा नव्हता. कॉफीचा पुडा आणला की तो घरच्या काट्यावर टाकायचा, आणि वजन बरोबर भरलं तर म्हणायचा, काटाच बिघडलाय. असल्या माणसाची बंदूक नेम चुकवायला लागल्यावर काय झालं असेल, बघा!

गेल्या शरदात मूसच्या, म्हणजे सांबराहून थोराड अशा रानजनावराच्या, शिकारीत त्याची गोळी जनावराच्या छातीऐवजी मागच्या पायात बसली. आमच्या कोर्पिवारा गावच्या शिकारी टोळीत याहून मोठी नामुष्की नाही. जखमी जनावर दलदलीत शिरलं, कुत्री भुंकत मागे गेली, आणि शेवटी त्याला यातनेतून सोडवलं ते शेजारच्या ठाण्यावर, म्हणजे दबा धरायच्या जागेवर, उभ्या असलेल्या कालेर्वोनं. ताइस्तोचं ठाणं मोठ्या धोंड्यापाशी, कालेर्वोचं जळक्या खोडापाशी. रान उठवायचा हाका सुरू व्हायच्या आधी कालेर्वो लांबून टोपी उचलायचा, मग ताइस्तो उचलायचा. वर्षानुवर्षं ठाण्यावर दोघांचं बोलणं म्हणजे एवढंच.

टोळीची प्रमुख राइली. तिनं आवाज न चढवता सांगितलं, "ताइस्तो, बंदूक नीट कर. पुन्हा असं झालं तर धोंड्यापाशी दुसरं कुणी उभं राहील आणि तू शेकोटीवर कॉफी उकळशील."

धोंड्यापाशी त्याच्या आधी त्याचा बाप उभा राहायचा. ते ठाणं जाणं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा न उरणं.

बंदुकीवर दुर्बीण धरून ठेवणाऱ्या दोन कड्या ढिल्या पडल्या होत्या, हे घरी आल्यावर दिसलं. दुसरा कुणी म्हणाला असता, जुन्या झाल्या. ताइस्तोचा प्रश्न एकच. ढिल्या केल्या कुणी? त्या दिवशी बंदूक कालेर्वोच्या गाडीतून गेली होती. आणि धोंड्यापाशी उभं राहायला कुणाला आवडणार नाही?

नव्या कड्या घ्यायला तो कायानी शहरात बंदुकांच्या दुकानात गेला तो फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात टाकून. दुकानातल्या बाईंनी पुढे ठेवलेल्या प्रत्येक कडीला त्यानं ते लावून बघितलं.

"पोलाद सांगून हलका धातू गळ्यात मारता तुम्ही लोक."

"चिकटलं ना? मग झालं तर," बाई म्हणाल्या. "आता ते काढून खिशात टाका, नाहीतर घरी फ्रिजवरून सगळं खाली यायचं."

त्यानं कडीचे दोन्ही अर्धे भाग जुळवले, उजेडासमोर धरून फट शोधली, खालची बैठक बंदुकीवर टेकवून डगडगते का बघितलं. खोट सापडेना, तेव्हा त्याला जास्तच संशय आला. पण कड्या घेतल्या.

"आम्ही बसवून देतो. मोजून कसायचा पाना आहे आमच्याकडे."

"म्हणजे तुम्ही ढिल्या कसणार आणि मी दर साली इथं येणार! नको, बाई."

घरी त्यानं स्वतः बसवल्या, आणि बसवल्या त्या बापाच्या शिस्तीनं. ओल्या रानातून आलं की आधी बंदुकीच्या कणाकणाला तेल द्यायचं, मग आपण सॉनात, वाफेच्या न्हाणीत, जायचं, असा बापाचा दंडक. ताइस्तोनं कड्यांच्या आतून तेल फिरवलं, स्क्रूच्या आट्यांत सोडलं, बाहेरून लख्ख पुसलं. मग बायकोला हाक मारली.

"सिल्वी, तुझं ते लाल नेलपॉलिश कुठंय?"

"देवा रे! या वयात हे काय सुचलं तुला?"

त्यानं कडीवरून दुर्बिणीच्या नळीवर अशी बारीक लाल रेघ ओढली. कुणी बोट लावलं तर रेघ तुटणार आणि चोर सापडणार. बंदुकीच्या कपाटाची किल्ली त्यानं गळ्यात अडकवली. ती सॉनातही काढली नाही. लोखंड तापलं, छातीवर चटका बसला.

"घाल अजून," सिल्वी म्हणाली. "राजाचा खजिना आहे ना तुझ्या कपाटात!"

यंदाच्या शिकारीच्या आधी टोळीचा नेमबाजीचा दिवस होता. ताइस्तोची गाडी बंद पडली होती, म्हणून बंदूक पुन्हा कालेर्वोच्या गाडीतून गेली. गोळ्या कागदावर वाट्टेल तिथं बसल्या. त्यानं वाकून बघितलं. कडीवरची रेघ इकडे, नळीवरची तिकडे!

टोळीच्या झोपडीत सगळे वाटाण्याचं सूप खात होते. ताइस्तोनं बंदूक टेबलावर ठेवली.

"कालेर्वो, माझ्या कड्यांना हात लावलास ना?"

कालेर्वोनं रेघेकडे बघितलं, मग ताइस्तोकडे.

"खुणा करून ठेवल्यास होय? माझ्यासाठी?"

"ज्याच्या मनात काही नाही, त्याला कशाला लागेल?"

कालेर्वोनं सूप अर्धं टाकलं, टोपी घेतली आणि निघून गेला. राइलीनं नुसतं ताइस्तोकडून नजर काढून घेतली, ते त्याला लागलं.

पण त्याला आपलं म्हणणं खरं करून दाखवायचंच होतं. त्यानं कड्या पुन्हा काढल्या, पुन्हा तेल दिलं, पुन्हा कसल्या, नवी रेघ ओढली. या खेपेला सिल्वीच्या गाडीतून, बंदूक मांडीवर घेऊन तो गेला; गाडी सिल्वीच चालवत होती. गोळ्या झाडल्या. रेघ तुटलेली!

"आता कोण?" गाडीशी उभी असलेली सिल्वी म्हणाली. "मी?"

त्यानं तिथंच कडी उघडली आणि आत बोट फिरवलं. बोट तेलानं चकाकत होतं. नळी आत बुळबुळीत झाली होती. गोळीचा धक्का बसला की सरकणारच. बापाच्या बंदुकीला दुर्बीण नव्हतीच कधी! तेलानं सरकेल असं तिच्यावर काही नव्हतंच. ताइस्तोला आपलीच शरम वाटली, इतकी की सिल्वीकडे बघवेना.

तो कालेर्वोच्या अंगणात गेला. कालेर्वो सरपण रचत होता.

"तेल होतं," ताइस्तो म्हणाला. "माझंच. चुकलो मी." आणि गळ्यातली किल्ली काढून बंदुकीसकट पुढे केली. "तूच बसव."

कालेर्वोनं हात पुसले. कड्या उघडल्या, स्पिरिटच्या फडक्यानं आतून कोरड्या केल्या, स्क्रू एकाआड एक सावकाश कसले. ताइस्तो शेजारी उभा होता. कोणता स्क्रू किती वळला, बोट कुठं गेलं, तो पापणी न हलवता बघत होता.

कालेर्वो थांबला.

"अजून माझ्या हातांकडेच बघतोयस."

ताइस्तोनं झटकन मान वळवली. पण व्हायचं ते झालं होतं.

"घे," कालेर्वो म्हणाला. "आता हलणार नाही. मी पलीकडच्या टोळीत नाव देतोय."

शिकारीच्या पहिल्या सकाळी धुक्यातून मूस आला. ताइस्तोनं नेम धरला आणि एकाच गोळीत जनावर जागच्या जागी पडलं. कड्या तसूभर सरकल्या नव्हत्या. आनंदानं त्यानं टोपी उचलली आणि जळक्या खोडाकडे वळून बघितलं. तिथं कुणी नव्हतं.