निघणारी जट

गेल्या महिन्यातली गोष्ट. मेहकरला आमच्या गच्चीवर मी डोक्याला जांभळ्या-मोरपंखी जटा लावून बसले होते… आणि भाजीवाल्या शोभामावशी मला बघून जिन्यातच थबकल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी सिंथेटिक केसांचे रंगीत ड्रेडलॉक्स बनवते. म्हणजे खोट्या जटाच. म्युझिक फेस्टिवलला जाणाऱ्या, जरा हटके राहणाऱ्या पोरी पुण्या-बंगळुरूहून ऑर्डर देतात.

एक बट घ्यायची, बारीक कंगव्याने उलटी विंचरून गुंता करायचा, पीळ द्यायचा आणि वाफेवर धरायची. वाफ जास्त झाली की बट आक्रसते, कमी पडली की पीळ उलगडतो… कितीतरी केस वाया घालवले, तेव्हा कुठे हात बसला.

पाठवण्याआधी प्रत्येक सेट मी स्वतः दिवसभर घालून बघते. खाजतो का, ओढ बसते का, ते घातल्याशिवाय कळत नाही. गल्लीतली पोरं ‘झिपरी आली’ म्हणतात. आई म्हणते, "लोकं हासून राह्यले, तुले काई वाटते का नाई?" वाटतं ना. तरी घालते.

तर शोभामावशी (नाव बदललंय, आणि त्यांना विचारूनच लिहितेय). जवळच्या खेड्यातून भाजी घेऊन येतात. डोक्याला कायम घट्ट फडकं. त्याखाली जट आहे हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणीच नव्हतं. देवीची जट, कापली तर कोप होतो, असं त्यांच्या घरी मानतात.

त्या दिवशी आई गच्चीवर मूग वाळत घालत होती, म्हणून मावशी टोपली घेऊन थेट वर आल्या. माझ्याकडे बघून त्यांचा चेहराच उतरला. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुले बी आली का माय?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, त्यांना माझीही जट देवीचीच वाटली होती. अख्ख्या गल्लीत या एकाच बाईला माझ्याकडे बघून हसू आलं नव्हतं… काळजी वाटली होती.

"नाही हो मावशी, मी बनवलीय." एक जट सोडवून मी त्यांच्या हातात दिली. त्या दचकल्या. मग तळहातावर तोलून बघत राहिल्या. "वजनच नाई वं याले…" एवढंच म्हणाल्या, आणि भाजी देऊन निघून गेल्या.

काही दिवसांनी दुपारी परत आल्या. टोपलीशिवाय. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "मले बी अशीच पाह्यजे. निघणारी."

मग हळूहळू बोलल्या. मान वळत नाही, कुशीवर झोपता येत नाही, उन्हात डोकं ठणकतं. जाऊ म्हणते, कापशील तर घरादारावर येईल. "भीती नाही वाटत?" मी विचारलं. "वाटते ना. पण आता म्या ठरोलं."

खरं सांगते, मीच घाबरले. उद्या त्यांच्या घरात कुणाला साधा ताप आला तरी नाव माझं येणार. ओळखीतून जट सोडवणाऱ्या एका ताईंचा नंबर मिळवला. त्यांनी फोनवर नीट समजावलं… छोटी कात्री घे, घाई करू नको, मावशी थांब म्हणाल्या की थांब.

घरचं मावशींनी स्वतः निस्तरलं. नवऱ्याला म्हणाल्या, "डोकं माहं हाय." त्याने मग अडवलं नाही. जावेने मात्र अबोला धरला, तो अजून सुटलेला नाही.

कापायच्या दिवशी मी कात्री पुन्हा पुन्हा पुसत बसले होते. तेवढ्यात, माझ्या रंगीत केसांना रोज नावं ठेवणारी माझी आई पाट घेऊन आली. मावशींसमोर बसली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि मला म्हणाली, "काप वं. मी बसली हाय न इथं."

जट कवटीला इतकी चिकटलेली की कात्रीचं टोक शिरायला जागा नव्हती. थोडे थोडे केस धरून कापत गेले. मधेच मावशी डोळे मिटून देवीचं नाव पुटपुटायला लागल्या. मी थांबले. "थांबू नको," त्या म्हणाल्या, "मी तिलेच सांगून राह्यली."

शेवटची गाठ सुटली आणि जट मांडीवर पडली. मावशींनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, परत डावीकडे… वळवतच राहिल्या. मग रडल्या. आईही रडली. मी कात्री धुवायच्या निमित्ताने उठले.

उरलेले केस जेमतेम बोटभर, त्यात गंगावन टिकेना. मग इलॅस्टिकच्या पट्टीवर सिंथेटिक केस शिवून पदराखाली बसेल असा अंबाडा करायला घेतला. काळेच केस काढले होते. मावशी माझ्या रंगांच्या पिशव्यांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आतमंधी एक पोपटी टाक. वरतून दिसली नाई पाह्यजे."

टाकली.

परवा बाजारात गेले तर मावशी भाजी विकत बसलेल्या, डोक्यावर नुसता पदर, फडकं नाही. एक बाई वाकून दबक्या आवाजात विचारत होती, "देवी कोपली नाई का वं?"

मावशींनी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवीगार जुडी उचलून तिच्या पिशवीत टाकली. "कोपली असती तं सांबार असा आला असता का?"

मी मागे उभी राहून ऐकत होते. मावशी, तुम्ही विश्वासाने तुमचं डोकं माझ्या हातात दिलंत… थँक यू.