खांद्यामागचा माणूस

नांदेडच्या एका लोकल चॅनलसाठी मी मुलाखती घेते. मुलाखत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दोन खुर्च्या आणि मधे फुलदाणी येते. आमच्याकडं तसलं काही नसतं. कलेक्टर कचेरीच्या गेटवर एक पुढारी, त्याच्या नाकासमोर माझा माइक आणि त्याच्या मागं फुकटची गर्दी. पुढारी दोन-चार वाक्यं बोलतो, त्याला आम्ही बाइट म्हणतो. गर्दी काहीच बोलत नाही, नुसती कॅमेऱ्यात मावायची धडपड करते. या धंद्यात बरीच वर्षं काढली, पण त्या गर्दीकडं मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पाहिलं ते आमच्या संपादकांनी.

"हा कोण?" एका सकाळी बोलावून घेऊन त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

पाणीटंचाईवर बोलणाऱ्या आमदाराच्या उजव्या खांद्यामागं एक माणूस उभा होता. पीकविम्याच्या मोर्चातही तोच. शिक्षकांच्या उपोषणात तर तो उपोषणाला बसलेल्यांपेक्षा जास्त सुकलेला दिसत होता. व्हिडिओखाली प्रेक्षकांनी लिहिलं होतं, साहेबांचं भाषण राहू द्या, मागच्या दादांना कुणीतरी जेवू घाला.

"पुन्हा दिसला, तर तुला वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचायला बसवीन," संपादक म्हणाले.

तो सापडायला वेळ लागला नाही. कचेरीसमोरच त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. गेटवर माइक दिसला रे दिसला की हा गडी गिऱ्हाईक सोडून रस्ता ओलांडायचा. त्याला चांगला झापावा म्हणून मी दुकानात शिरले, तर त्यानंच आधी विचारलं, "मॅडम, बिलोलीत दिसतंय का हो तुमचं चॅनल?"

बिलोली हे त्याच्या बायकोचं माहेर. ती रुसून तिकडं जाऊन बसली होती आणि फोन घेत नव्हती. पण मेव्हण्याच्या घरी रोज संध्याकाळी आमच्या बातम्या लागतात, अशी पक्की खबर त्याच्याकडं होती.

भांडणाचं कारण काढून घेणं हा तर माझा धंदाच. आपल्याकडं आहेरातला टॉवेल-टोपी कुणी वापरत नाही, तो या घरातून त्या घरात फिरत राहतो. याच्या वास्तुशांतीला मेव्हण्यानं टॉवेल-टोपी आणला. यानं तो आहेराच्या ढिगात टाकला आणि पाहुणे निघताना पुन्हा मेव्हण्याच्याच हातात ठेवला. टॉवेलाच्या कोपऱ्याला मेव्हण्यानं स्वतः लावलेलं हळदकुंकू तसंच होतं. बायकोनं पिशवी भरली आणि ती भावाच्याच गाडीत जाऊन बसली.

"मग न्यायला जा की," मी म्हटलं.

"मी कशाला? माझं काय चुकलं? ढिगात समदे टॉवेल एकसारखेच व्हते."

न्यायला गेलो म्हणजे पडती बाजू घेतली, असा त्याचा हिशेब. नवरा न्यायला आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असा तिचा. म्हणून मग टीव्ही. आधी यानं दाढी वाढवली. शेजारी म्हणाला, वहिनीला वाटेल दारू प्यायला लागला. मग दाढी काढली आणि जेवण कमी केलं.

"पण खरं सांगू का मॅडम," तो मशीनचं झाकण उगाच उघडझाप करत म्हणाला, "घरी गेलं की लई भकास वाटायलंय."

मी हसू दाबत बाहेर पडले खरी, पण ते शेवटचं वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

संपादकांना रस्त्याची बातमी केव्हाही चालते. दोन दिवसांनी कॅमेरामनला गाडीवर घेऊन मी बिलोली गाठली आणि योगायोग बघा, गाडी नेमकी त्या मेव्हण्याच्या दारातच थांबली. ओट्यावर बायको तूर निवडत बसली होती. मी माइक पुढं केला.

"ताई, नांदेडचा रस्ता कसा वाटतो?"

तिनं माइकवरचं चॅनलचं नाव नीट वाचलं. पदर सारखा केला आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं.

"रस्त्याला काय धाड भरलीय? ज्याला यायचंय त्याला खड्डे आडवे येत न्हाईत. अन् आमदाराच्या खांद्यामागं लपून बिलोली येत नसती म्हणावं."

संध्याकाळच्या बातम्यांत ते मी जसंच्या तसं दाखवलं. यात रस्त्याबद्दल तर काहीच नाही, असं संपादक म्हणाले. मी म्हटलं, प्रतिक्रिया संमिश्र आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो आमच्या ऑफिसच्या दारात हजर. "मॅडम, संगं चला. मेव्हणे तिघं हायत." कालच्या बातमीचा पाठपुरावा करायचाय, असं संपादकांना सांगून आम्ही निघालो.

तिन्ही मेव्हणे हाताची घडी घालून ओट्यावर उभे होते. ती दारात होती. तिच्या पायाशी भरलेली पिशवी मला दिसली, त्याला दिसली नाही. कॅमेरा कॅमेरामनच्या खांद्यावर होता, पण चालू करू नको असं मीच खुणावलं. अशा वेळी चित्रण करायची मला लाज वाटली.

"चल की घरी," तो म्हणाला.

"चुकलं कुणाचं?" तिनं विचारलं.

सवयीनं त्यानं कॅमेऱ्याकडं तोंड केलं.

"तिकडं काय बघता? माझ्याकडं बघून बोला."

चुकलं कुणाचं, हाच प्रश्न इतकी वर्षं मी लोकांना विचारत आलेय. उत्तरादाखल मला समित्या मिळाल्या, चौकशा मिळाल्या, आधीचं सरकार मिळालं. ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली. मी असते, तर एव्हाना घाईनं पुढचा प्रश्न टाकून मोकळी झाले असते.

"माझं," तो म्हणाला.

मेव्हण्यांच्या हातांच्या घड्या सुटल्या. मला त्या बाईचा मनापासून हेवा वाटला आणि, खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीही आलं.

तिनं पिशवी उचलली, पायऱ्या उतरली आणि माझ्याजवळ येऊन थांबली.

"घेतलं का हे टीव्हीत?"

"नाही ताई. कॅमेरा बंद होता."

तिनं पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"मग चालू करा," ती म्हणाली. "परत म्हणतील ते."