गळ्यातली किल्ली

खंडेनवमीच्या सकाळी शेजारच्या आबांकडे गेले, तेव्हा त्यांची पाच वर्षांची नात नुकतीच उठली होती. तिच्या गालावर किल्लीचा ठसा उमटला होता.

रानडुकरांपासून भात राखायला आबांकडे परवान्याची बंदूक आहे. ती कपाटात कुलूपबंद असते, काडतुसं दुसरीकडे, आणि किल्ली आबांच्या गळ्यात. नात त्यांच्या छातीवरच झोपते.

“टोचत नाही का हो?” मी विचारलं.

“टोचते. म्हणून तर विसर पडत नाही,” आबा म्हणाले.

माझी लेक लहान असताना मी औषधं, काड्यापेट्या उंच फळीवर ठेवून निर्धास्त व्हायचे. लेक वाढत होती, फळी मात्र तेवढ्याच उंचीवर होती.

हत्यारांच्या पूजेसाठी पाटावर बंदूक मांडली होती, रिकामी, नळी उघडून ठेवलेली. नात कुंकवाची वाटी घेऊन आली आणि कुणी न सांगता दोन पावलं अलीकडेच थांबली. बंदुकीला कुंकू आबांनीच लावलं.

मग ती त्यांच्या मांडीवर चढली आणि तिनं किल्लीला कुंकू लावलं. बनियनवर लाल बोट उमटलं. आबांनी ते बनियन दिवसभर बदललं नाही.