चंद्रमती लॅपटॉप घेते

चंद्रमती कोणतीही वस्तू तिचं झाकण पंधरा-वीस वेळा उघडून मिटून पाहिल्याशिवाय घेत नाही. कुकर असो, डबा असो, शिवणयंत्राची पेटी असो. दुकानदार काय सांगतो ते ती ऐकून घेते, पण विश्वास ठेवते तो बिजागरीवर. सत्तावीस वर्षांच्या संसारात झाकण न उघडता आणलेली एकच वस्तू, ती म्हणजे सुरेंद्रराव, असं ती त्यांच्यासमोरच सांगते. सुरेंद्रराव सगळ्यांत आधी हसतात.

ती मूळची पापनाशमची, पिढ्यानपिढ्या तमिळनाडूत राहिलेल्या मराठी घरातली. कॉलेजचं दुसरं वर्ष चालू असताना लग्न झालं, ती तंजावरला आली आणि पुस्तकं माहेरीच राहिली. गेली आठ वर्षं ती मधुमेही माणसांच्या सहा घरांना दुपारचा डबा देते. डॉक्टरांनी त्यांना दिलेला पथ्याचा कागद वाचते आणि चिडते. "भात बंद! तंजावरात राहून भात बंद! मग माणसानं एथे राहावं तरी कशास?" हेच डॉक्टरांना तोंडावर, पण शास्त्राच्या भाषेत सांगता यावं म्हणून यंदा तिने आहारशास्त्राच्या पदविकेला दूरशिक्षणाचा अर्ज केला. वय सत्तेचाळीस.

अर्ज स्वीकारला गेला, पण एक अट होती. शनिवारी सकाळी अकरा वाजता संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर बसून चेहरा आणि मूळ प्रमाणपत्रं दाखवायची. वेळ दहा मिनिटं. तेवढ्यात पडताळणी झाली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. मोबाइल चालणार नाही, कारण परीक्षाही संगणकावरच द्यायच्या होत्या. आणि घरात संगणक नव्हता.

म्हणून गुरुवारी सकाळी जुन्या बसस्टँडजवळच्या दुकानात तिघं गेली. चंद्रमती, सुरेंद्रराव आणि सुरेंद्ररावांची मोठी बहीण कनकलता, म्हणजे सगळ्यांची कनकक्का. कनकक्काला लॅपटॉपमधलं काही कळत नव्हतं, पण या घरात नवी वस्तू आली आणि ती हजर नव्हती असं कधी झालेलं नाही. आत शिरताच तिने विक्रेत्याला बजावलं, "दीड वाजता राहुकाळ लागतो. त्याच्या आत आम्ही घरी पोचलं पाहिजे."

विक्रेत्याचं नाव प्रवीणकुमार. पंचविशीचा, हसरा. त्याने तमिळमध्ये विचारलं, "मुलगी काय शिकते, अम्मा? इंजिनिअरिंग?"

"मुलीचं शिकून झालं. मी शिकते."

प्रवीणकुमारने सुरेंद्ररावांकडे पाहिलं. त्यांनी आपला यात काही दोष नाही अशा अर्थी दोन्ही हात वर केले.

मुलगी विनुता त्रिचीला नोकरी करते. तिने आदल्या रात्री निरोप बोलून पाठवला होता. चंद्रमतीने तो दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "अम्मा, रॅम आठ जीबी पाहिजे. चार जीबीवाला विकणारा शपथा घालेल, रडेल, तरी घेऊ नकोस. डिस्क एसएसडीच. बॅटरी सहा तास तरी चालली पाहिजे. आणि अप्पांना बोलू देऊ नकोस."

"बरी मुलगी आहे," प्रवीणकुमार म्हणाला आणि हातात घेतलेला चार जीबीचा लॅपटॉप हळूच मागे ठेवला.

"ही रॅम म्हणजे काय रे?"

"एकाच वेळी किती कामं उघडी ठेवता येतात ते, अम्मा."

"ओटा!" चंद्रमती म्हणाली. "ओटा लहान असला की विळी ठेवली तर ताटास जागा नाही. आणि ती दुसरी, एसएसडी?"

"सगळं साठवून ठेवायची जागा. पण लगेच सापडतं."

"कोठीची खोली. अंधारात हात घातला तरी हिंगाचा डबाच हातास लागला पाहिजे, अशी."

प्रवीणकुमारला हे इतकं पटलं की शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तो तिथल्या तिथे सांगू लागला, "सार, रॅम म्हणजे ओटा."

एवढ्यात सुरेंद्ररावांना कोपऱ्यात सतरा इंची लॅपटॉप दिसला. त्याच्या प्रत्येक बटणाखाली दिवा होता. लाल, हिरवा, जांभळा.

"अगे, हा पाहा! दिवे!"

"आपणास मांडव घालायचा आहे का?"

"घ्यायचा तर मोठा घ्यावा. कॉलेज आहे. लोक काय म्हणतील?"

चंद्रमतीने तो लॅपटॉप उचलला आणि त्यांच्या हातांवर ठेवला. "धरा. महिन्यातून दोनदा तिरुवैयारुला वर्ग आहेत. बसमध्ये उभं राहून न्यायचा आहे मज. पाच मिनिटं धरून दाखवा." तिसऱ्या मिनिटाला सुरेंद्ररावांनी तो काउंटरवर टेकवला आणि दिवे काही फारसे चांगले नाहीत असं मत दिलं.

मग आला एक लॅपटॉप, ज्याच्यासोबत बॅग फुकट, माऊस फुकट, कानाला लावायचं फुकट आणि भिंतीवरचं घड्याळही फुकट.

"एवढं फुकट देतोस, म्हणजे आत काही उणं आहे," चंद्रमती म्हणाली.

"कॅमेरा जुन्या पद्धतीचा आहे, अम्मा," प्रवीणकुमारने हसत कबूल केलं. "तुमचा चेहरा ओळखू येणार नाही."

"नको. मज शनिवारी चेहराच दाखवायचा आहे."

शेवटी तिच्यापुढे एक राखाडी, चौदा इंची लॅपटॉप आला. ओटा आठचा, कोठीची खोली पाचशे बाराची, वजन दीड किलो. किंमत तिने ठरवलेल्या पस्तीस हजारांच्या आत, आणि दुरुस्तीची जागा याच रस्त्यावर. तिने झाकण उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. दुकानातली माणसं मोजू लागली. अठराव्या वेळी तिने बिजागरीला कान लावला. भेंडीचं टोक मोडून पाहावं तशी बटणं एकेक दाबून पाहिली. प्रवीणकुमारने एक कोरं पान उघडून दिलं. "तुमचं नाव लिहा, अम्मा."

एका बोटाने तिने लिहिलं. पडद्यावर चंद्रमती उमटली. नुसतं नाव, कुणाची पत्नी नाही, कुणाची अम्मा नाही. ती मोठ्यांदा हसली. इतकी मोठ्यांदा की फ्रिजच्या विभागातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

"हाच!"

एक वाजून पाच मिनिटं झाली होती. पुढची बावीस मिनिटं रिक्षात कनकक्काने रिक्षावाल्याला असं काही हाकललं की तो दोनदा चुकीच्या बाजूने घुसला आणि एकदा तिला आई म्हणाला. एक सत्तावीसला लॅपटॉपने उंबरा ओलांडला.

या घरात नवी वस्तू चंदन-कुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. फ्रिजला लावलं आहे, वेट ग्राइंडरला लावलं आहे, स्कूटरला तर दोन्ही दिव्यांच्या वर. चंद्रमतीने लॅपटॉप देवासमोर उघडा ठेवला आणि चारही कोपऱ्यांना ठिपके लावले.

"मध्येही लाव गे," कनकक्का म्हणाली. "मध्य रिकामा ठेवू नये."

म्हणून पडद्याच्या वरच्या पट्टीवर, बरोबर मधोमध, चंदनाचा जाड टिळा आणि त्यावर कुंकू. कापराची आरती सुरेंद्ररावांनी हात लांब करून, दुरूनच ओवाळली.

शुक्रवारी विनुताने फोनवरून सांगत सांगत सगळं बसवून दिलं. आवाज तपासला. चित्र तपासायचं, तर डबे भरायची वेळ झाली, ते राहून गेलं.

शनिवारी साडेदहाला राहुकाळ संपला. चंद्रमती रेशमी साडी नेसून, वेणी माळून, प्रमाणपत्रं मांडीवर घेऊन बसली. अकराला पडद्यावर एक तरुण अधिकारी बाई आल्या.

"वणक्कम. कॅमेरा सुरू करा, मॅडम."

"सुरू आहे."

"मला नुसतं पिवळं दिसतंय."

चंद्रमतीने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. "आता?"

"पिवळंच. मॅडम, दहा मिनिटांनंतर जागा पुढे जाते. मी काही करू शकत नाही."

"मोठा घे म्हटलं होतं!" सुरेंद्रराव ओरडले.

"दिवेवाल्यानं काय उजेड पाडला असता?" चंद्रमती म्हणाली, पण नजर घड्याळावर होती. सत्तावीस वर्षांनी उघडलेलं दार डोळ्यांदेखत मिटत होतं, आणि या वेळी बिजागरी तिच्या हातात नव्हती. चार मिनिटं गेली. तिने प्रवीणकुमारला फोन लावला.

"अम्मा, कॅमेऱ्यापुढे काही आलंय का पाहा."

"कॅमेरा आहे तरी कोठे?"

"पडद्याच्या वर. बरोबर मधोमध."

तिघांनी एकदम वर पाहिलं. मग कनकक्का "पाण्यानं धुते!" म्हणत तांब्या घेऊन धावली.

"पाणी नको!" हे तिघांनी एकदम म्हटलं. सुरेंद्ररावांनी, फोनमधून प्रवीणकुमारने आणि पडद्यावरून अधिकारी बाईंनी.

चंद्रमतीने बोटाने वाळलेलं चंदन हळूच सुटं केलं आणि रेशमी पदराचा विचार न करता त्यानेच काच पुसली. पडद्यावर आधी एक डोळा दिसला, मग नाक, मग अख्खी चंद्रमती, आणि तिच्या दोन्ही खांद्यांवरून डोकावणारी दोन डोकी.

"यातला उमेदवार कोण?" बाईंनी विचारलं.

"मी!" चंद्रमतीने शाळेतल्यासारखा हात वर केला.

बारावीचं प्रमाणपत्र तिने उलटं धरलं, मग सरळ धरलं. बाईंनी बारकाईने पाहिलं. "फोटो फार जुना आहे, मॅडम."

"नाक तेच आहे!" कनकक्का मागून म्हणाली.

बाईंना हसू आवरेना. हसतहसतच त्यांनी कुठेतरी बटण दाबलं आणि पडद्यावर हिरवी खूण आली. "पडताळणी झाली. तुमचा प्रवेश पक्का. एक मिनिट उरलंय."

चंद्रमतीने कनकक्काचे हात धरून तिला गरकन फिरवलं. वेणी सुटली, प्रमाणपत्रं जमिनीवर गेली, सुरेंद्रराव टाळ्या वाजवू लागले.

"मॅडम," पडद्यावरून आवाज आला, "आधी कॉल बंद करा."

दुपारी पहिला धडा उघडला. त्याच्या शेवटी स्वाध्याय होता: एका प्रौढ व्यक्तीने गेल्या चोवीस तासांत खाल्लेले सर्व पदार्थ लिहा. चंद्रमतीने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि खुर्चीत पेंगणाऱ्या नवऱ्याकडे वळली.

"उठा. काल सकाळी काय खाल्लं?"

"दोन इडल्या."

तिने बटणावरचं बोट उचललं. "दोन?"

"चार."

"आणि संध्याकाळी वाचनालयातून येताना?"

सुरेंद्ररावांनी खिडकीबाहेर पाहिलं. "संध्याकाळचं पण लिहायचं असतं का?"

"चोवीस तास म्हटलंय," चंद्रमती म्हणाली आणि एका बोटाने, सावकाश, बटाट्याचा बोंडा लिहू लागली.